दोन हंगामांचा अर्ज

९ जानेवारी

धाकटे,

पत्ता माळीकाकांनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस. चार वेळा "माझ्याकडे नाही" म्हणाले. पाचव्या वेळी मी आईचं नाव काढलं, तेव्हा सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद निघाला. म्हणजे इतका वेळ तो खिशातच होता. वनौषधी विभागातली माणसं अजून तुझीच आहेत.

सात वर्षांनी पत्राची सुरुवात कशी करतात ते मला ठाऊक नाही. मला अहवाल लिहिता येतात, तर अहवालासारखंच लिहिते. आईची मूत्रपिंडं थकली आहेत. डॉक्टर आता वर्षांचं बोलत नाहीत, महिन्यांचं बोलतात. डोळे गेले आहेत. उजेड आणि अंधार एवढंच कळतं, माणूस आवाजावरून ओळखते. डोकं मात्र लख्ख आहे, आणि जीभ डोक्याहून. परवा शेजारीण बघायला आली होती. तिला म्हणाली, "माझ्या एका मुलीनं किडे पाळले, दुसरीनं वेली. माणसं पाळणारी एकही निघाली नाही." शेजारीण हसली. मी चहा टाकायच्या निमित्तानं उठले.

तुझ्याबद्दल ती विचारत नाही. पण तू कुठल्या गावात आहेस एवढं तिच्या कानावर आलेलं आहे, आणि रेडिओवर हवामान लागलं की त्या गावाचं तापमान सांगून होईपर्यंत घरात कुणाला बोलू देत नाही. परवा म्हणाली, "तिकडे गारठा वाढलाय." कुणाला थंडी वाजत असेल ते म्हणाली नाही.

मी अजून कीटकशास्त्र विभागातच आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. तू बियाणं तपासणी केंद्रात असतेस असं माळीकाका म्हणाले. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या आणि किती उगवल्या ते मोजायचं. चांगलं काम आहे, असंही म्हणाले. मी हो म्हटलं.

ये. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तेवढे दिवस मी संस्थेच्या विश्रामगृहात राहीन, किल्ली शेजारणीकडे ठेवीन. आपल्यात जे झालं ते माझ्या सहीवरून झालं. त्यात आईचा काही दोष नव्हता.

ताई


१३ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र तुला मिळालं आहे. पोचपावती परत आली, तिच्यावर तुझी सही आहे. तीच, बस सुटत असल्यासारखी घाईची.

उत्तर नाही, तर मीच बोलते. तुला ठाऊक आहे तिथपासून सांगते, आणि तू गेल्यावरचंही; ते तुला कुणी सांगितलं नसेल.

लोक त्या वेलीला फास म्हणायचे ते उगाच नव्हे. कालवे तिनं भरले होते, फळझाडांचे शेंडे तिनं वाकवले होते. कापली तर आठवड्यात दुप्पट. तिच्यावर जगणारा एक भुंगेरा मी शोधला आणि नऊ वर्षं त्याच्यामागे घालवली. एक्केचाळीस जातींच्या झाडांवर त्याला उपाशी सोडून पाहिलं. दुसऱ्या पानाला त्यानं तोंड लावलं नाही, उपासानं मेला. इतका एकनिष्ठ जीव मी माणसांत पाहिला नाही. तो सोडल्यावर दोन वर्षांत फास संपला, विषाचा एक थेंब न फवारता. कालव्याच्या टोकाला बाग असलेली एक बाई संस्थेत आली, माझा हात धरून रडली. तिच्या झाडांना अकरा वर्षांनी फळ धरलं होतं. हे खोटं आहे का? नाही.

पण त्याच दोन वर्षांत खाणीमागचा उतारही संपला. खालची वेल आणि उतारावरची वेल दिसायला एक, पण जखम भरून आणणारं जे काही होतं ते फक्त उतारावरच्या मुळीत होतं. हे तू शोधलंस, आणि शोधायला तुला सहा वर्षं लागली. भुंगेरे तिथवर पोहोचायला चार वर्षं लागतील असं मी तुला सांगितलं होतं. ते चौदा महिन्यांत पोहोचले. माझा अंदाज चुकला. अंदाज चुकणं हा काही गुन्हा नाही, असं मी स्वतःला सांगते.

आईचा पाय गेला हे तुला कळलं असेल, कसा गेला ते कळलं नसेल. तुझ्या मलमाची शेवटची डबी संपली, त्यानंतर पाचव्या महिन्यात घोट्याजवळची जखम पुन्हा उघडली. मग ती आत चरत गेली. गुडघ्याखाली कापावा लागला. मी सर्जनना विचारलं, मलम मिळत राहिलं असतं तर? ते म्हणाले, एका रोग्यावरून काही सांगता येत नाही. हे वाक्य मीच दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. त्या दिवशी ते मला फार उपयोगी पडलं.

तुझ्या मलमाच्या चाचणीत बावीस जण होते, आई त्यातली अकरावी. बाकीच्या एकवीस जणांचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

आई आता दिवसातून थोडंच जेवते. ये.

ताई


१९ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आलं. आईच्या नावावर. पाकिटावर तू लिहिलंस, "आईच्याच हाती द्यावे." तिला दिसत नाही हे मी कळवलं होतं, म्हणजे वाचून दाखवणार मीच हे तुला ठाऊक असणार. तरी लिहिलंस, बरं केलंस.

दुपारी तिला उशांना टेकवून बसवलं आणि वाचायला घेतलं. तुझी खोली, खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, त्यांचा आंधळा कुत्रा, तुझा न जाणारा खोकला. आई मान हलवत ऐकत होती. खोकल्याशी तिनं मला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्या पानावर माझ्याबद्दल आलं. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. तू लिहिलं होतंस, "ताईवरचा माझा राग गेलेला नाही. पण एक गोष्ट मी तिच्या बाजूनं धरते. समितीनं माझा अर्ज फेटाळला तेव्हा ती एकटी माझ्यासाठी बोलली होती."

ते मी वाचलं नाही. डोळ्यांनी वाचलं, तोंडानं पुढच्या ओळीवर गेले.

आई म्हणाली, "मध्ये काहीतरी गाळलंस."

मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, तुझा श्वास अडला. मी पुढे वाचायला लागले, तर तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"शिव्या घातल्यात का तुला?"

"नाही. चांगलं लिहिलंय."

"चांगलं लिहिलेलं कुणी गाळतं का गं?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. सात वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून झालं. चादर नीट कर म्हणाली, ती केली. पाणी मागितलं, ते दिलं. वाटलं, तिला समजलंच नाही. मग म्हणाली, "मला सांगून काय व्हायचंय. जिचं गेलं तिला सांग. आणि मी आहे तोवर सांग."

काय सांगायचं ते उद्या लिहिते. आज हात चालत नाही. दोन्ही कागद एकाच पाकिटात टाकीन, म्हणजे एक टाकून दुसरा राहायला नको.

ताई


२० मार्च

धाकटे,

तुझा अर्ज समितीपुढे गेलाच नाही.

आता क्रमानं सांगते. त्या संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात तू खाली बसून आईचा पाय पुसत होतीस. जखम मिटत आली होती, कडेला कोवळी गुलाबी कातडी धरली होती. दोन पानी अर्ज तू ओट्यावर ठेवलास. त्यात काय होतं ते मला आजही पाठ आहे. उतारावरची वेल बी धरत नाही, कुंडीत लावली तर सडते. वाळू आणि खाणीतला मुरूम मिसळून पाहिल्यावर आता कुठे मुळं फुटू लागली आहेत. दोन हंगाम द्या, साठ रोपं बंदिस्त जागेत तयार होऊ द्या, मग खुशाल भुंगेरे सोडा. भुंगेऱ्यांविरुद्ध त्यात एक अक्षर नव्हतं. माझ्या कामाबद्दल चार चांगली वाक्यं मात्र होती.

मी म्हटलं, "मांडते."

तेवढ्यात आई स्वतःच्या पायाकडे बघत म्हणाली, "हिच्या हाताला गुण आहे हं. मोठीच्या हातानं मरतात, धाकटीच्या हातानं भरून येतं." थट्टेनंच म्हणाली. तू हसलीस, मीही हसले. ते वाक्य मी समितीच्या खोलीपर्यंत बरोबर नेलं.

एवढंच कारण होतं असं म्हणणार नाही, तसं म्हणणं म्हणजे आईवर ढकलणं झालं. पिंजऱ्यांत चार हजार भुंगेरे तयार होते. दोन हंगाम थांबायचं तर पैदास नव्यानं करावी लागली असती. पुन्हा पाहणी, पुन्हा परवानग्या. नऊ वर्षांनी मला एक दिवसही थांबायचं नव्हतं. आणि माझं काम थांबणार होतं ते तुझ्यासाठी. तू माझ्याहून आठ वर्षांनी लहान, तुझी पहिली सूक्ष्मदर्शकाची काच मी पुसून दिलेली.

संस्थेच्या समितीची सदस्य-सचिव मी. विषयपत्रिका मीच करायची. तुझा अर्ज मी तीत घेतला नाही. म्हटलं, ऐनवेळच्या विषयांत तोंडी मांडू. फाइल मांडीवर होती. सगळे विषय संपले. अध्यक्षांनी विचारलं, "आणखी काही?"

मी म्हटलं, "नाही."

घरी येऊन तुला म्हटलं, फेटाळला. मी बोलले, पण कुणी ऐकलं नाही. तू रडली नाहीस. माझ्यासमोर चहाचा कप ठेवलास आणि म्हणालीस, "तू बोललीस ना ताई, मग झालं."

पुढे भुंगेरे सोडायच्या आदेशावर सही करू नकोस म्हणून तू माझ्यामागे लागलीस. मी सही केली आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस. तुझा सगळा राग त्या सहीवर होता. खरं सांगायचं तर मला तो राग सोयीचा होता. सही हे माझं कामच होतं, तिच्याबद्दल कुणी मला दोष देऊ शकत नव्हतं. उतारावर आणि तुझ्या कुंड्यांत एकही पान राहिलं नाही त्या आठवड्यात तू राजीनामा दिलास. तुला निरोप द्यायला माळीकाका गेले होते. मी प्रयोगशाळेत होते, आणि काही करत नव्हते.

समितीनं तो अर्ज तसाही फेटाळलाच असता, असं मी सात वर्षं धरून चालले आहे. सगळी घाईतली माणसं होती. आजही मला तसंच वाटतं. हे सुटका म्हणून लिहीत नाही, वाटतं ते लिहिते.

अर्ज मी फाडला नाही. माझ्याकडे आहे. येशील तेव्हा देईन, नाहीतर टपालानं पाठवीन.

ताई


६ मे

धाकटे,

तू गेलीस त्याला तीन आठवडे झाले. पोहोचल्याचं माळीकाकांकडून कळलं.

घरात आता दोन खोल्या जास्त झाल्यासारख्या वाटतात. दवाखान्याची खाट परत गेली. जिथे तिचे चार पाय होते तिथे फरशीवर चार डाग आहेत. शेजारणीनं ते घासून बघितले, निघाले नाहीत.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. ठरल्याप्रमाणे विश्रामगृहात जायला मी पिशवी भरत होते, तेवढ्यात तू दारात उभी. आईनं पावलांवरून ओळखलं. माझ्या पावलांना ती "कोण ते" म्हणायची, तुला म्हणाली, "आलीस? खोकला कसा आहे?" इतक्या वर्षांचं तिनं तेवढ्यात आटोपलं. मग मलाही म्हणाली, "तू कुठे निघालीस? मला उचलायला दोघी लागतात."

ते नऊ दिवस माझ्याकडे आहेत. दर दोन तासांनी आपण तिची कूस बदलायचो, तेव्हा तिच्या पाठीखाली तुझे आणि माझे हात एकमेकांना लागायचे. "धर." "हं." "इकडे." "सोड." त्या नऊ दिवसांत तू माझ्याशी बोललीस ते हेच शब्द. मी मोजून ठेवलेले नाहीत, पण पुरवून पुरवून वापरलेत.

आणि सातव्या दिवशीचं ते एक. मी भांडी विसळत होते, तू मागे येऊन उभी राहिलीस. मला वाटलं, पाणी हवं असेल. तू म्हणालीस, "त्या दिवशी इथे उभी राहून तू 'नाही मांडणार' म्हणाली असतीस, तर मी भांडले असते. घर डोक्यावर घेतलं असतं. पण मी इथेच राहिले असते." मी मागे वळले नाही. वळायला हवं होतं. नळ चालू होता, तो बंद करायचंही सुचलं नाही.

आई गेली तेव्हा तू तिच्याजवळ होतीस, मी औषधाच्या दुकानात. शेवटचं काही म्हणाली का, ते मी विचारलं नाही. म्हणाली असेल तर ते तुझंच आहे.

निघताना मी अर्ज तुझ्यापुढे धरला. तू उभ्या उभ्या दोन्ही पानं वाचलीस, दुसऱ्या कुणाचं लिहिलेलं वाचावं तशी. मग घडी घालून मला परत दिलास आणि म्हणालीस, "हा मला नको. मी हा समितीला लिहिलाय."

पुढची बैठक जूनमध्ये आहे. विषयपत्रिका अजून मीच करते. या वेळी पहिला विषय तुझा आहे.

ताई


१७ जून

धाकटे,

बैठक झाली त्याला आज पाच दिवस झाले. इतिवृत्ताची प्रत सोबत जोडली आहे. पण इतिवृत्तात सगळं येत नाही, म्हणून हे पत्र.

अध्यक्ष आता नवे आहेत, तुझ्या वयाचे. बहुतेक सदस्यही नवे. जुन्यांपैकी एकटे रसायनवाले सर होते. ऐंशीच्या पुढे गेले आहेत, मानद सदस्य म्हणून येतात आणि बिस्किटं संपवून जातात, असं लोक म्हणतात. मी उभी राहिले. अर्ज वाचला, पहिल्या ओळीपासून तुझ्या नावापर्यंत. मग सांगितलं की हा सात वर्षांपूर्वी माझ्या हाती दिला होता, मी तो दडवला, आणि अर्जदाराला समितीनं फेटाळला असं खोटं सांगितलं. कुणीतरी पंखा कमी केला.

अध्यक्षांनी हळूच विचारलं, वेल आता शिल्लक आहे का? मी सांगितलं, उतारावर नाही. गेल्या महिन्यात माळीकाकांना घेऊन मी खाणीमागचा सगळा भाग दोन वेळा पायाखाली घातला. दगडांच्या फटीही पाहिल्या. नाही. मग एक तरुण सदस्य म्हणाले की वेलच नसेल, तर याची नोंद घेऊन काय साधणार? मी म्हटलं, ज्यांनी सहा वर्षं काम केलं त्यांनी वेळेवर सावध केलं होतं, एवढं तरी कागदावर राहील. आणि भुंगेऱ्याचा जो अहवाल आपण सगळ्यांना यशाचं उदाहरण म्हणून देतो, त्याला हा अर्ज जोडावा. अध्यक्षांनी ते मान्य केलं. माझ्याबद्दल वेगळी चौकशी होईल, ती व्हायलाच हवी.

तोवर रसायनवाल्या सरांनी चष्मा लावून अर्ज हातात घेतला होता. ते तो सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. एखाद्यानं विनाकारण लांबचा रस्ता घेतला असं कळल्यावर पाहावं, तसं पाहत होते.

"दोनच हंगाम मागितले होते ना?" ते म्हणाले. "मग थांबलो असतो की. भुंगेरे कुठे पळून चालले होते?"

अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. साठवणीच्या धान्यातल्या पतंगाचा होता. मी त्याचीही टिपणं काढली, व्यवस्थित काढली.

सरांचं बोलणं इतिवृत्तात घातलेलं नाही, कारण ते ठरावाचा भाग नव्हतं. ते तुला कळवावं की नाही, यात माझे चार दिवस गेले. कळवून तुला बरं वाटणार नाही, उलट आणखी त्रास होईल, असं म्हणून पाहिलं. मग ध्यानात आलं की तुझ्या नावानं मी पुन्हा स्वतःचीच सोय बघते आहे. समिती ऐकणारच नव्हती, एवढं एक मी मार्चमधल्या पत्रातसुद्धा माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. आता तेही नाही.

ते थांबले असते, धाकटे. आईच्या पायाचं मला सांगता येत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. त्या एकवीस जणांचंही नाही. पण तुझी साठ रोपं झाली असती.

ताई